खळ्यावरची माफी

बन्सीधराचं वागणं मला पटेनासं झालं त्याला बरेच दिवस झाले. पूर्वी आमच्या दारावरून जाताना "काकू, ताक हाय का?" अशी हाक मारायचा, अन् मी हो-ना म्हणायच्या आत चुलीपाशी येऊन बसायचा. परभणीच्या जवान क्लबानं त्याला टीममध्ये घेतलं अन् गडी दारावरून शीळ वाजवत जाऊ लागला. खांद्यावर हॉकीची काठी, मान वर. आमची गल्ली त्याच्या आज्यानंच बांधली म्हणावं! मी ओट्यावर बसलेली दिसले तरी नजर सरळ स्टेशनाकडे. माझा भुजंग त्याच क्लबात, त्याच टीममध्ये खेळतो. तो मात्र येता-जाता प्रत्येक म्हाताऱ्याला रामराम करतो, म्हणून त्याची गाडी चुकते.

आमच्याकडे हॉकीचं वेड निजामाच्या वेळचं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही मुंबई राज्यात आलो, पण हॉकी काही गेली नाही. पिंगळीतून परभणीला रेल्वेनं कितीसं लांब! मॅच असली की अर्धं गाव दुपारच्या गाडीला लोंबकळतं. उरलेलं अर्धं बैलगाड्या जुंपतं.

अन् ही पोरं शिकली कुठं? माझ्या खळ्यावर. आमचं रान स्टेशनाला लागून. दरसाल सुगीच्या आधी मी खळ्याची जमीन भिजवते, वर भुसा टाकून बैलांकडून तुडवून घेते, मग शेणानं सारवते. वाळली की हाताच्या तळव्यासारखी सपाट. ज्वारी घरात गेली की तिथं चेंडू असा घरंगळतो की बघत राहावं. खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, तिथं लक्ष्मी उतरते. म्हणून सगळी पोरं अनवाणीच खेळली. खळ्याच्या मधोमध बैल फिरवायची मेढ असते ना, तो लाकडी खांब? त्याला चेंडू न लागू देता वळसा घालायचा, असा त्यांचा खेळ. बन्सीचा जो वळसा बघायला नांदेडहून माणसं येतात, तो वळसा माझ्या मेढीचा आहे. हे कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

भुजंगही तोच वळसा शिकला. पण बन्सी खेळतो मधल्या जागेवर, पुढं, गोल करायला. भुजंगाला दिली डावी बाजू. बन्सीनं गोल केला की वेशीपर्यंत आरडाओरडा. भुजंगानं समोरच्याच्या काठीतून चेंडू काढून घेतला की तेवढ्या वेळात लोक पान लावून घेतात.

तर त्या साली नांदेडच्या टीमबरोबर मॅच होती. मी छप्पर घातलेल्या गाडीत बसून मैदानाच्या कडेला होते. बन्सी एकटाच चेंडू नेत होता अन् दर खेपेला तिघं-चौघं त्याला घेरत होते. डावीकडं माझं पोरगं मोकळं उभं. मध्ये खेळ थांबला तेव्हा क्लबाचे मॅनेजर दिनकरराव, वकील माणूस, त्याला म्हणाले, "बन्सीधर, एकट्यानं नेऊ नकोस. डावीकडं दे."

बन्सी सगळ्यांदेखत म्हणाला, "डावीकडं भुजंग हाय. त्याला दिला काय अन् विहिरीत टाकला काय, एकच. अन् साहेब, तुमी कोर्टात बोला. हितं म्या बोलतो."

एवढं बोलून थांबला असता तर चाललं असतं. पण दिनकररावांनी "तोंड सांभाळ" म्हणताच त्यानं काठी उचलली, टांग्यात बसला अन् गेला. टीम एका माणसानं कमी खेळली अन् हरली.

दुसऱ्या दिवशी क्लबानं हुकूम काढला. माफी मागितल्याशिवाय बन्सीधर टीममध्ये नाही. त्याच्या जागी, मध्ये, भुजंग.

पिंगळीत काय गोंधळ! आप्पाराव आमच्या गावातला हॉकीचा सगळ्यात मोठा शौकीन. पीक बुडालं तरी मॅच बुडवणार नाही. तो पारावर उभा राहून ओरडला, "बन्सी, वाकू नको! पिंगळीचं नाक हाय तू! माफी मागितलीस तर माझं तोंड बघू नको!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या मॅचला भुजंगानं मधल्या जागेवरून गोल केला. मी गावात साखर वाटली. लोकांनी साखर खाल्ली अन् तोंड पुसता पुसता म्हणाले, "गोल बरा होता. बन्सी असता तर तीन झाले असते."

साखर परत घेता येत नाही, म्हणून रिकामी परात घेऊन घरी आले.

फायनल तोंडावर आली. हैदराबादकडची तगडी टीम येणार होती. त्या संध्याकाळी मी खळ्यावर कडबा रचून घेत होते. परभणीहून गाडी आली अन् आप्पाराव धोतर सावरत डब्यातून उतरला. पारावरची मंडळी त्याच्याकडे धावली. मला सगळं ऐकू येत होतं.

"मागितली!" आप्पाराव म्हणाला.

"काय?"

"माफी."

मग एक जण म्हणाला, "कापलं नाक. आमी समद्या जिल्ह्यात सांगत सुटलो, बन्सी वाकायचा न्हाई म्हणून. आता बोरीच्या पाव्हण्याला काय तोंड दावू?"

दुसरा म्हणाला, "उद्यापासून मॅच बंद. म्या तर कुस्त्या बघायला जाणार."

"अरं, वाकला कसा ते तर ऐका!" आप्पाराव म्हणाला. "क्लबात समदे बसलेले. बन्सी आला. काठी दोनी हातांवर आडवी धरली, दिनकररावांच्या पायापाशी ठिवली, अन् म्हणला, 'साहेब, त्या दिवशी म्या मैदान सोडलं न्हाई, अक्कल सोडली होती. लेकरू म्हणून पदरात घ्या.' दिनकररावांच्या डोळ्याला पाणी, गड्याहो! वकिलाच्या!"

"काय बोलला!"

"अक्कल सोडली होती म्हणला? वा रे वा!"

"मोठं मन लागतं त्याला."

"आपल्यापैकी कुणाला जमलं असतं? नाव सांगा एकाचं."

अन् ज्यानं नाक कापलं म्हणून सांगितलं होतं, तोच हलगीवाल्याला बोलवायला पळाला. मी कडबा तसाच टाकला अन् बघत राहिले. माणसं इतक्या लवकर फिरतात हे मला ठाऊक होतं. पण ती बन्सीच्याच बाजूला का फिरतात, ते कळेना.

गाडीतून सगळ्यात शेवटी भुजंग उतरला होता. माझ्याकडे आला अन् कडब्याच्या पेंढ्या उचलू लागला.

"आई, मी परत डावीकडं," म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"दिनकररावांनी. बरंच झालं. मधल्या जागी बन्सीच पायजे. तिथं गेलं की समदे आपल्याकडंच बघायलेत असं वाटतं. काठी जड होती."

"बघू दे की! बघायलाच येतात लोकं!"

हसला अन् पेंढी घेऊन गेला. बापावर गेलाय. मालक गेल्यापासून घर, बैल, खळं सगळं माझ्या हुकमानं चालतं, पण या पोराला पुढं उभं करायचा हुकूम मला जमला नाही.

रात्रीच्या गाडीनं बन्सी आला अन् हलगी माझ्या दारावरून गेली. बन्सीच्या गळ्यात झेंडूचा हार. माफी मागितल्याचा हार! माझ्या भुजंगानं आजवर कुणाला उलटून उत्तर दिलं नाही, कधी मैदान सोडलं नाही, एकदा गुडघा फुटला तरी फडकं बांधून खेळला. त्याला माफी मागायची कधी वेळच आली नाही, मग त्याला हार कुठला?

सकाळी विहिरीवर बन्सीची आई छबूबाई भेटली. घागर भरली होती, तरी उभीच.

"काय करावं बाई," ती म्हणाली, "रात्रभर माणसं. म्या म्हणलं, अरं पोरगं चुकलं, त्यात हार कशाला? पण ऐकतंय कोण! गोजरबाई, माफीचाबी कुठं हार असतो का?"

"असतो की," मी म्हणाले. "न चुकणाऱ्याला तेवढा नसतो."

तिनं घागर उचलली. तिचं चालणंही मला त्या दिवशी बदललेलं वाटलं.

घरी आले ती सरळ गड्याला हाक मारली. हरभरा आधीच बडवून झाला होता, तरी त्याचा भुसा खळ्यावर पसरायला लावला. आत यायच्या वाटेला बाभळीच्या काट्या टाकल्या. संध्याकाळी पोरं काठ्या घेऊन आली अन् काट्यांपाशी थबकली.

"काकू, हे काय?"

"भुसा वाळवायलेय."

"भुसा?"

"माझा भुसा, माझं खळं. अजून काय?"

फायनलच्या आधी सराव खळ्यावरच व्हायचा, कारण गावात दुसरी सपाट जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आप्पाराव चार माणसं घेऊन ओट्यापाशी आला.

"वैनी, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जतीचं तुमी बोलू नका, भावजी. तुमीच म्हणला होता, माफी मागितली तर माझं तोंड बघू नको. हार घालताना डोळे मिटून घेतले होते का?"

मागच्या दोघांना हसू आलं. आप्पारावानं मिशीवरून हात फिरवला. "ते रागात बोललो. बरं, आता काय म्हणणं हाय तुमचं?"

मी म्हणाले, "बन्सीनं मॅनेजरची माफी मागितली. मॅनेजरचं काय गेलं होतं? विहिरीत टाकल्यासारखं कुणाला म्हणला होता तो? माझ्या पोराला. तर माफी माझ्या पोराची मागावी. त्याच खळ्यावर, समद्या गावासमोर. मग काट्या काढते."

मला वाटलं होतं, बन्सी अडेल. त्याची मिजास मला माहीत होती. तो अडला असता तर गाव त्याच्यावर उलटलं असतं अन् मधली जागा पुन्हा भुजंगाची झाली असती. हे मी मनात पक्कं धरून बसले होते.

आप्पारावाचं तोंड उजळलं. "अहो एवढंच ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव खळ्यावर. बायका, पोरं, पोखर्णीहून आलेला आप्पारावाचा व्याही, अन् हलगी. मी काट्या काढल्या. बन्सी वेशीबाहेरच पायताण काढून आला, अनवाणी, डोक्याला टोपी नाही. भुजंग माझ्याशेजारी उभा, कान लाल. "आई, कशाला हे," एवढंच पुटपुटत होता.

बन्सी त्याच्यासमोर आला अन् काठी खाली ठेवली. गावाकडे तोंड करून बोलला. माझ्या पोराकडे नाही, गावाकडे.

"आमी दोघं या मातीत एका काठीनं खेळलो. एक काठी होती, दोघांत. म्या चेंडू मारला की भुजंग आणून द्यायचा. त्याच भावाला म्या विहीर म्हणलो. माझी जीभ झडू दे. भावा, माफ कर."

मागं बायकांनी पदर डोळ्याला लावले. पोखर्णीचा व्याही तर उघड रडला. "असा माणूस आमच्या गावात न्हाई हो," म्हणाला. मला आठवत होतं ते वेगळं. चेंडू भुजंग मारायचा अन् आणायलाही भुजंगच जायचा. पण अशा रडारडीत खरं कोण ऐकणार?

भुजंग हळूच म्हणाला, "माफी ऱ्हाऊ दे, बन्सी. चेंडू देत जा."

हे मी ऐकलं. बन्सीनं ऐकलं. तो "देईन" म्हणाला. पण तोवर हलगी सुरू झाली अन् लोकांनी बन्सीला खांद्यावर उचललं. माझ्या खळ्यावर, मी मागवलेल्या माफीवर, पुन्हा त्याचाच उदोउदो. मला स्वतःच्याच अंगावर थुंकावंसं वाटलं.

आमच्याकडे भांडण मिटलं की दोघांनी एका ताटात जेवायचं. म्हणून दोघं माझ्या घरी आले. मी पुरणाची पोळी वाढली. एकाच ताटात दोन पोळ्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला. तूप भुजंगाच्या पोळीवर सैल हातानं सोडलं अन् बन्सीच्या पोळीवर बोट झटकलं. पण ताटाखालचा पाट जरा कलता होता. तूप वाहत वाहत सगळं बन्सीच्या बाजूला गेलं. बन्सी मिटक्या मारत म्हणाला, "काकूचा हात असाच ढिला पायजे." भुजंग हसून हसून खोकला. मी उठून आत गेले.

फायनलला मी गाडी जुंपली. आप्पारावानं मला न विचारता छबूबाईला आणून माझ्या शेजारी बसवलं. "बन्सीची माय पायी जायची का, वैनी?" मी सरकले. काय करते!

मैदान भरून गेलं होतं. पंचानं चेंडू मध्ये ठेवला, दोघांनी काठीला काठी वाजवली अन् खेळ सुटला. मी कुणाकडं बघत होते? भुजंगाकडं. तो डावीकडून पुढं पळत यायचा, चेंडू यायचा नाही, मग परत मागं पळत जायचा. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. हैदराबादकडच्या पोरांनी बन्सीला माशांसारखं वेढलं होतं. छबूबाई माझ्या मांडीवर हात आपटत होती. "व्हा ना बाजूला रं! सोडा माझ्या लेकराला!" सगळं मैदान बन्सी बन्सी करत होतं.

दोन्ही बाजूंना एकही गोल नव्हता. उन्हं कलली. शेवट शेवट बन्सीला चेंडू मिळाला अन् त्यानं तो वळसा घातला, माझ्या मेढीचा. दोघं मागं पडले. समोर फक्त गोल राखणारा. सगळं मैदान उभं राहिलं. मी उभी राहिले नाही, पण मूठ आवळली. डावीकडं भुजंग येत होता, सबंध खेळभर आला तसाच.

बन्सीनं एकदा गोलाकडं बघितलं, अन् चेंडू डावीकडं ढकलला.

खोटं कशाला बोलू, पास लय सुंदर होता. भुजंगाच्या पायापुढं पडला, काठीला हवा तिथंच. मला तेवढ्यातही त्याचा राग आला. गोल राखणारा बन्सीकडं झेपावला होता. भुजंगानं एकच फटका मारला. गोलातल्या लाकडी पाटीवर चेंडू आदळल्याचा आवाज आम्हाला गाडीत आला.

मी उठले अन् ओरडले, "भुजंग!"

माझा आवाज मला एकटीलाच ऐकू आला. कारण अख्खं मैदान ओरडत होतं, "बन्सी! बन्सी!"

"काय मन हाय!" आप्पाराव गाडीच्या चाकावर चढून नाचत होता. "सोताचा गोल भावाला देऊन टाकला! हातातला घास दिला हो!"

छबूबाईनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "गोजरबाई, बघितलंत? माझ्या बन्सीनं तुमच्या पोराला दिला."

मी हात सोडवून घेतला.

मॅच संपली. आम्ही जिंकलो. लोक बन्सीला हार घालून, खांद्यावर घेऊन मैदानभर फिरले. भुजंग बादलीपाशी बसून पायावर पाणी ओतत होता. त्याच्याभोवती दोन माणसं होती, तीही त्याला विचारत होती, बन्सीनं पास देताना काही सांगितलं होतं का.

मग बन्सी खांद्यावरून उतरला अन् गर्दीतून वाट काढत माझ्या गाडीपाशी आला. मागून निम्मी पिंगळी. तो वाकला, माझ्या पायाला हात लावला अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू, दिला ना पास? आता तरी राग गेला का?"

लोक माझ्या तोंडाकडं बघत होते. मी हसून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा अन् हलगी वाजावी, असं त्यांना पाहिजे होतं. आप्पाराव म्हणालाही, "म्हणा वैनी, गेला म्हणा."

मी गाडीतून खाली उतरले. बन्सीच्या समोर उभी राहिले.

"पास दिलास," मी म्हणाले. "माफीबी मागितलीस, एकदा न्हाई, दोनदा. दोनी वेळा लोकं रडली. खेळतोस तर असा की मला रातभर डोळ्याला डोळा लागू नये. हे समदं मान्य. पण हितं आलास तर पयलं 'दिला ना पास' एवढंच म्हणलास. तो पोरगा खेळ सुरू झाल्यापासून दर खेपेला तिथवर पळत आला, तुझा चेंडू येवो न येवो. गोल त्यानं मारलाय. ही सारी माणसं तुझं तोंड बघून ओरडत होती, तवा एकदा बोट करून 'गोल भुजंगाचा हाय' म्हणला असतास, तर तुझ्या गळ्यातलं एक फूलसुदीक कमी झालं नसतं. तुला माफी मागता येती, बन्सीधर. दुसऱ्याचं नाव घेता येत न्हाई."